बाप बैलजोडीचा, मी कुणाचा?

पत्र:

"ताई नमस्कार. सातारा तालुक्यातलं गाव, वय ५४. थोडी बागायत आणि खत-औषधांचं दुकान. आमचं घर एकाच पक्षाचं हे गावात सगळ्यांना माहिती. वडील बैलजोडीपासूनचे, २०११ ला गेले, शेवटपर्यंत कधी इकडचे तिकडं झाले नाहीत. मी पण त्यांच्यामागं तसाच, पदाधिकारी नाही, कार्यकर्ता पण नाही, पण मत ठरलेलं. आता पक्षच ओळखू येत नाही. ज्यांच्याविरुद्ध वीस वर्षं सोसायटीपासून कारखान्यापर्यंत लढलो तेच आमच्या स्टेजवर. ते एक वेळ चालवून घेतलं, पण भाषाच बदलली. गावच्या पक्षाच्या ग्रुपवर आता पाण्याचं, उसाच्या दराचं काही नसतं, 'ह्यांच्याकडून घेऊ नका, त्यांना कामावर ठेवू नका' हेच फॉरवर्ड. माझ्या दुकानात १९ वर्षं एक भाई कामाला आहेत, ते पण त्याच ग्रुपमध्ये आहेत. मी टोकाचा माणूस नाही. गेल्या वेळी बटणावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिलो, शेवटी जुनंच दाबलं आणि घरी येऊन जेवण गेलं नाही. मुलगा म्हणतो सगळे सारखेच, नोटा दाबा. दुसरीकडं द्यावं तर वडिलांचा फोटो डोळ्यासमोर येतो. आणि बूथवर चार मतं कमी पडली की गावात लगेच बोट दाखवतात. मी मत बदललं तर गद्दार का? सांगा."

— एक जुना मतदार

दादा, नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. पक्षाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत आणि मी पण ओळखायचा प्रयत्न केला नाही, कारण खरं सांगते, आज सातारा-सांगलीत असा एक पक्ष दाखवा ज्याच्या जुन्या मतदाराला हे पत्र लिहावंसं वाटणार नाही. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली, धनुष्यबाण निवडणूक आयोगानं एका गटाला दिला, वर्षभरात घड्याळाचं पण तेच झालं, काँग्रेसमधून किती घराणी भाजपमध्ये गेली त्याची मोजदाद नाही, आणि भाजपचे जे जुने लोक कुणी विचारत नव्हतं तेव्हापासून सायकलवर पत्रकं वाटत फिरले ते आता बाहेरून आलेल्यांच्या सभेला मागच्या खुर्चीवर बसतात. त्यामुळं तुम्ही एकटे नाही. फक्त तुम्ही ते लिहून पाठवलंत, बाकीचे मनात ठेवून जातायत.

आधी त्या 'गद्दार' शब्दाचं बघू. २०२२ नंतर हा शब्द आपल्याकडं रोज टीव्हीवर, रोज स्टेजवर, आणि आता तो साध्या मतदाराच्या जेवणाच्या ताटापर्यंत आला याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा शब्द पुढाऱ्यांनी एकमेकांना मारलेला आहे, तो तुम्ही झेलायचं कारणच नाही. जो एका पक्षाचं तिकीट घेतो, त्या नावावर लोकांची मतं घेतो आणि मग दुसरीकडं जाऊन बसतो त्याला जाब विचारायला कायदा आहे, पक्षांतरबंदीचा, १९८५ चा. आधी एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर त्यांना चालायचं, २००३ ला ती सवलत काढली, आता दोन तृतीयांश असतील आणि विलीन झाले तर वाचतात. तो कायदा कितपत चालतोय ते आपण बघतोच आहे. पण तो आमदार-खासदारांना आहे. मतदाराला असा कुठलाच कायदा नाही. तुम्ही कुणाचं तिकीट घेतलं नाही, कुणाच्या नावावर निवडून आला नाही, शपथ घेतली नाही. मत दिलंत, ते त्या पाच वर्षांपुरतं होतं, ते संपलं की परत तुमच्या हातात येतं आणि ते परत येतंच मुळी परत विचार करायला. ही गोष्ट इतकी साधी आहे की आपण विसरतो.

आता वडिलांचं, कारण मला वाटतं खरी गाठ तिथं आहे.

तुम्ही लिहिलंय की वडील बैलजोडीपासूनचे आणि कधी इकडचे तिकडं झाले नाहीत. दादा, जरा शांतपणे हिशेब घालू. १९६९ ला काँग्रेस फुटली आणि तिचं बैलजोडीचं चिन्ह गेलं. १९७१ ला गाय-वासरू आलं. म्हणजे बैलजोडीवर शिक्का मारणाऱ्या माणसाला तेव्हाच ठरवायला लागलं की खरी काँग्रेस कुठली, इंदिराजींची का दुसरी. मग १९७८ ला परत फुटली आणि हाताचा पंजा आला. आणि आता १९८० चं ऐका, हे तुमच्या घरातलं आहे. त्या निवडणुकीत देशभर इंदिराजींची लाट होती आणि आपले यशवंतराव चव्हाण तेव्हा इंदिराजींच्या काँग्रेसमध्ये नव्हते. ते दुसऱ्या काँग्रेसकडून साताऱ्यातून उभे राहिले आणि साताऱ्यानं त्यांना निवडून दिलं. पुढं ते परत इंदिरा काँग्रेसमध्ये गेले ती गोष्ट वेगळी. पण त्या वर्षी तुमचे वडील मतदानाला गेले तेव्हा काय केलं असेल? हातावर शिक्का मारला असेल तर यशवंतरावांना सोडलं, यशवंतरावांना मारला असेल तर हात सोडला. दोन्हीकडं काँग्रेसच होती आणि तरी कुणाला तरी सोडायला लागलंच. तिसरा रस्ता नव्हता. मग १९९९, जूनमध्ये राष्ट्रवादी निघाली आणि तीन-चार महिन्यांत लोकसभेची निवडणूक, सातारा आणि कराड दोन्ही जागा घड्याळाला. तीच गावं, तीच माणसं, भिंतीवरच्या हातावर चुना मारून घड्याळ काढलं. वडील तेव्हा होते. त्यांनी परत ठरवलं, कुठं का असेना, पण ठरवलं.

म्हणजे ज्यांना तुम्ही कधीच न हललेला माणूस म्हणताय त्यांनी आयुष्यात निदान तीनदा बसून विचार केलाय की आपण ज्याला मानतो ते आता कुठं आहे. पहिल्या दोन वेळी तुम्ही नव्हतात किंवा लहान होता म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही, तुम्हाला फक्त निकाल दिसला की आपलं घर अमक्याचं. आई आहेत का? पत्रात काही लिहिलं नाहीत. असतील तर त्यांना एकदा विचारा, १९८० ला वडील कुठं होते, घरात काय बोलणं झालं होतं. आपल्याकडच्या बायकांना हे सगळं आठवत असतं पण कुणी विचारत नाही, चुलीपाशी बसून त्यांनी सगळ्या बैठका ऐकलेल्या असतात. मला खात्री आहे त्या काहीतरी सांगतील आणि त्यानंतर तो फोटो तुम्हाला वेगळा दिसेल.

क्रांतिसिंह नाना पाटलांचं पण बघा. येडेमच्छिंद्रचे, आता ते गाव सांगली जिल्ह्यात, तेव्हा सगळं साताराच होतं. १९४२ च्या चळवळीत काँग्रेसमधून आलेला माणूस, प्रतिसरकार चालवलं, स्वातंत्र्य मिळाल्यावर शेतकरी कामगार पक्षात गेला, तिथून कम्युनिस्ट पक्षात, १९५७ ला साताऱ्यातूनच लोकसभेवर आणि १९६७ ला पार बीडमधून. तीन पक्ष झाले. त्यांना गद्दार म्हणणारा आपल्या दोन्ही जिल्ह्यांत एक माणूस दाखवा. का नाही म्हणत कुणी, तर ते दरवेळी सत्तेपासून लांब गेले आणि दरवेळी त्याच माणसांबरोबर राहिले, शेतात राबणाऱ्या. माणूस कुणासाठी हलला ते लोकांना बरोबर कळतं, मग पुढच्या पिढीला पक्षाचं नाव आठवो न आठवो.

बरं ही जुनी गोष्ट झाली म्हणाल तर अलीकडचं घ्या, तुम्ही स्वतः त्या रांगेत होता. २०१९ च्या एप्रिलमध्ये आपण मतदान केलं, उदयनराजे राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाच्या वर मतांनी आले. सप्टेंबरात राजीनामा, भाजप, आणि २१ ऑक्टोबरला पोटनिवडणूक, त्याच्या तीन दिवस आधी पवारसाहेबांची ती पावसातली सभा. निकाल काय, तोच उमेदवार ८७ हजारांवर मतांनी पडला आणि श्रीनिवास पाटील आले. सहा महिन्यांत तेच गाव, तीच शाळा, तीच शाई. आणि परत २०२४ ला तेच उदयनराजे भाजपकडून ३२ हजारांवर मतांनी आले. आता यात निष्ठावंत मतदार कोण आणि गद्दार कोण? जो माणसाबरोबर गेला तो का जो पक्षाबरोबर राहिला तो? कुणीच नाही ओ. हजारो माणसांनी तीन वेळा बसून तीन वेळा ठरवलं, काहींनी तेच ठरवलं, काहींनी वेगळं.

सांगलीत तर २०२४ ला त्याच्या पुढची गोष्ट झाली. आघाडीत जागा ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, उमेदवार डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील, आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, चिन्ह लिफाफा. आयुष्यभर हात बघितलेल्या लोकांनी लिफाफा शोधून दाबला आणि लाखाच्या फरकानं निवडून दिलं. आणि त्याच सांगली जिल्ह्यानं नोव्हेंबरात विधानसभेला आठातल्या पाच जागा महायुतीला दिल्या. ते चुकलं का बरोबर ते प्रत्येकानं आपापलं बघावं, मी एवढंच म्हणते की लोकसभेला एक, विधानसभेला दुसरं, जिल्हा परिषदेला तिसरं असं ठरवायला मतदाराला कुणाची परवानगी लागत नाही आणि आपल्याकडचे लोक ते करतात. गावात बोलून दाखवत नाहीत एवढंच.

एक गोष्ट मात्र मला तुम्हाला जवळून सांगायचीय, चिन्हावरच्या निष्ठेची. आमच्या शेजारी एक आजी आहेत, ८१ वर्षांच्या. २०२४ च्या मे महिन्यात, ७ तारखेला, भर उन्हात मी त्यांना रिक्षातून शाळेत नेलं. सकाळपासून घोकत होत्या, तुतारी तुतारी. बाहेर आल्या, बोटावरची शाई पदरानं पुसायला बघत होत्या आणि मला म्हणाल्या, "दाबली गं, सरळ लांब तुतारी हुती, बरूबर दाबली." मी विचारलं, वाजवणारा माणूस होता का चित्रात? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "माणूस? माणूस कुठला? नुसती तुतारीच की." मशीनवर दोन चिन्हं होती, एक तुतारी वाजवणारा माणूस, पवारसाहेबांच्या पक्षाचं, आणि एक नुसती पिपाणी, जिला यादीत मराठीत तुतारीच म्हटलेलं होतं. निकाल लागला तेव्हा पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजार मतं होती आणि हार-जीत ३२ हजारांची. आजींना मी तो आकडा कधी सांगितला नाही. पण तेव्हापासून मला सारखं वाटतं की आपण चित्रावर किती जीव लावतो, आणि ते चित्र तर आयोगाच्या एका कागदानं इकडचं तिकडं होतं. त्या आजींना ज्या माणसाला, ज्या विचाराला मत द्यायचं होतं ते त्यांच्या मनात पक्कं होतं, चित्रानं त्यांना दगा दिला. तुमचं उलटं झालंय. चित्र सापडलं, बोट बरोबर पडलं, पण ज्यासाठी दाबायचं ते तिथं नव्हतं, म्हणून तुम्हाला जेवण गेलं नाही.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्या तुम्ही एकाच दमात लिहिल्यात, पण त्या एक नाहीत, म्हणून वेगळ्या करते.

पहिली, जुने विरोधक आपल्या स्टेजवर. हे कडू लागतं, ज्या माणसाच्या पॅनेलनं तुमच्या माणसाला सोसायटीत कर्ज मिळू दिलं नाही त्याच्या सभेला टाळ्या वाजवायच्या म्हणजे घशाखाली उतरत नाही, मला समजतं. पण खरं बोलायचं तर आपल्याकडं हे नेहमीचं आहे, कारखाना आणि जिल्हा बँक ज्याच्याकडं त्याला कुठं तरी सत्तेच्या सावलीला जायला लागतं आणि तो जातो. यावरून मत बदलायचं का नाही ते उमेदवार बघून ठरवा. तो उमेदवारी अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र देतो, संपत्ती किती, केसेस किती, सगळं आयोगाच्या वेबसाइटवर असतं, मुलाला सांगा मोबाइलवर दोन मिनिटांत काढून देईल. ते वाचून पटला तर द्या, नाही पटला तर नका देऊ. यात एवढं रडण्यासारखं काही नाही, हा व्यवहार आहे आणि दुकान चालवणाऱ्याला व्यवहार कळतो.

दुसरी तक्रार मात्र व्यवहाराची नाही. पक्ष तुम्हाला सांगतोय की १९ वर्षं ज्या माणसाच्या हातात गल्ला ठेवून तुम्ही जेवायला घरी जाता त्याला कामावरून काढा. निदान तुमच्या गावातले पक्षाचे लोक सांगतायत आणि वरचं कुणी त्यांना गप्प करत नाही. हा बदल पोटात घालू नका. मी हे कुठला पक्ष ते न बघता सांगते, उद्या उलट्या बाजूनं कुणी तुमच्याबद्दल असं त्यांना सांगितलं तरी हेच म्हणेन.

माझं सांगते. मी पण एका पक्षाच्या महिला आघाडीचं काम केलं, आठ वर्षं, नाव घेत नाही. पद छोटं होतं पण जीव ओतून केलं. एकदा बचत गटांच्या मेळाव्याची यादी माझ्याकडं आली, टाइप केलेली, मीच पाठवलेली, आणि चार नावांवर निळ्या पेनानं सरळ रेघ मारलेली. पट्टी लावून मारल्यासारखी. चारही बायका एकाच गल्लीतल्या, एकीनं तर माझ्या बाळंतपणात महिनाभर आमच्या घरी दूध पोचवलेलं. मी फोन केला तर समोरून उत्तर आलं, वरून आलंय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी त्या दिवशी काही बोलले नाही. मेळावा झाला, मी गेले, फोटोत पण आहे. त्या चौघींतली एक मला दुसऱ्या दिवशी मंडईत भेटली आणि तिनं काहीच विचारलं नाही, नेहमीसारखी "काय ताई, मेथी बघा आज चांगलीय" म्हणाली. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर चार महिन्यांनी मी राजीनामा दिला, तो पण तब्येतीचं कारण देऊन. ते चार महिने आणि ते खोटं कारण, या दोन गोष्टी मला अजून सलतात. पक्ष सोडला ते कधीच सललं नाही.

आणि फॉरवर्डनं काय होतं हे आपल्या जिल्ह्याला सांगायला लागू नये. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून गर्दी जमली, जाळपोळ झाली आणि एका तरुणाचा जीव गेला, जिल्ह्यातलं इंटरनेट बंद ठेवायला लागलं. पुसेसावळी लांब नाही ओ, तुमच्या दुकानात तिकडचं गिऱ्हाईक पण येत असेल. तेव्हा कुणी म्हणालं की ग्रुपवरचं काय मनावर घ्यायचं, तर माझं म्हणणं आहे की घ्यायचं.

आता मुलाच्या नोटाचं. त्याच्यावर चिडू नका, त्याच्या वयाच्या पोरांनी मतदार झाल्यापासून फोडाफोडीशिवाय दुसरं काही बघितलंच नाही. पण त्याला नीट सांगा. नोटा २०१३ पासून आहे, सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आला. लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो, फेरनिवडणूक होत नाही. आपल्या राज्यात शहरांतल्या स्थानिक निवडणुकांना मात्र वेगळा नियम आहे, राज्य निवडणूक आयोगानं २०१८ ला ठरवलं की तिथं नोटा पहिला आला तर परत निवडणूक घ्यायची. म्हणजे नगरपालिकेला त्याला थोडं तरी वजन आहे, आमदारकीला ती नुसती नोंद राहते. नोंद करायला माझी ना नाही, सगळे खरंच नकोसे असतील तर दाबा, पण एक जण कमी वाईट दिसत असेल तर त्याला द्या. सगळे सारखे आहेत हे वाक्य ज्याला काही बदलायचं नसतं त्याच्या फार सोयीचं असतं, हे पोराला तुम्ही सांगा, माझं नाव सांगू नका, बापाकडून आलं तर ऐकेल.

बूथचं टेन्शन घेऊ नका. निकालानंतर बूथनिहाय आकडे येतात हे खरं आहे आणि गावातले पुढारी ते घेऊन पारावर बसतात हे पण खरं आहे, पण एका बूथवर हजारभर मतदार असतात, त्यात तुमचं कुठलं ते देवाला सुद्धा सांगता यायचं नाही. ती चिठ्ठी काचेमागं सात सेकंद दिसते, ती फक्त तुम्हाला. कुणी विचारलंच तर सांगायलाच पाहिजे असं कुठं आहे? आणि गावात दुकान आहे, सगळ्या पक्षांची उधारी तुमच्या वहीत आहे, तुम्ही मोठ्यानं पक्ष बदलला असं जाहीर करा हे मी अजिबात सांगणार नाही. पदाधिकारी नाही त्यामुळं राजीनामा कुणाला द्यायचा प्रश्नच नाही. एका निवडणुकीपुरतं दुसरीकडं द्या, बघा काय वाटतं. पुढच्या वेळी तुमचा जुना पक्ष परत माणसात आला तर परत जा, दार कुणी लावलेलं नाही.

मात्र त्याआधी एकदा तुमच्या गावातला पक्षाचा जो कोण जबाबदार माणूस असेल त्याला दुकानात बोलवा, चहा सांगा आणि समोरासमोर सांगा की हे बंद करा नाहीतर माझं मत गृहीत धरू नका. फोनवर नको, ग्रुपवर नको. जुन्या मतदारानं तोंडावर सांगितलेलं त्यांना लागतं, विरोधकानं सांगितलेलं लागत नाही. ग्रामपंचायतीला तर चिन्हच नसतं, पॅनेल असतं, तिथं तुमच्यासारख्या दहा घरांवर सरपंच ठरतो आणि हे त्याला चांगलं माहिती आहे. आमच्याकडं जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि पुढं कितीतरी काळ प्रशासकच कारभार बघत होता, सदस्य नाही, सभापती नाही, दाखल्यासाठी माणसं चकरा मारून दमली. तेव्हा गावात लोकांना पक्ष आठवत नव्हता, कामाला येणारा माणूस आठवत होता. त्याला हे पण सांगा. त्यानं ऐकलं तर पक्षात अजून जीव आहे असं समजा. हसण्यावारी नेलं तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं, माझ्याकडून कशाला पाहिजे.

आता शेवटचं, आणि यासाठीच मी पत्र तीनदा वाचलं. एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही एक वाक्य लिहिलंय, "ते पण त्याच ग्रुपमध्ये आहेत", आणि पुढं गेलात. दादा, ते भाई तो ग्रुप रोज वाचत असतील. कुणी त्यांना काढलं नाही आणि ते स्वतःहून बाहेर पडले नाहीत, पडले तर ग्रुपच्या ॲडमिनला लगेच कळतं ना, आणि मग गावात चर्चा. म्हणून ते तिथंच बसून आहेत. 'त्यांना कामावर ठेवू नका' हे सकाळी वाचून त्यांनी तुमच्या दुकानाचं शटर उघडलंय, पोती मोजलीत, तुमच्यासाठी चहा सांगितलाय. आणि त्या ग्रुपमध्ये तुम्ही पण आहात हे त्यांना माहितीय, तुम्ही वाचलंय हे माहितीय, तुमच्या निळ्या टिका त्यांना दिसल्या नसतील पण त्यांना माहितीय. तुम्ही काही बोलला नाहीत हे पण माहितीय.

निवडणूक येईल तेव्हा येईल, मताचं तेव्हा बघू. त्यांच्याशी मात्र उद्याच बोला. मोठं काही नको, सकाळी दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक यायच्या आधी, "भाई, ग्रुपवरचं ते मी वाचलं, मला ते पटलं नाही, आधीच बोलायला पाहिजे होतं." एवढंच. ते बहुतेक "जाऊ द्या की मालक" म्हणतील आणि झाडू मारायला घेतील. तरी बोला.

— तुमची ताई, सातारा